लिलावातला भाव आणि माणसाचं मोल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचमधले डॉक्टर सकाळच्या सत्रात रक्तदाबावर बोलले, बँकेतले मित्र निवृत्तीच्या नियोजनावर बोलले. मी मंचरच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा अडत्या. माझ्या वाट्याला संयोजकांनी विषय दिला 'कबड्डीचा लिलाव'. अडत्याने लिलावावरच बोलावं, हा त्यांचा हिशोब मला पटला. शिवाय शाळेच्या संघात मी होतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं याचा आनंद झाला. राखीव खेळाडू होतो हेही लक्षात असेल, पण ते त्यांनी परिचयात सांगितलं नाही, त्याबद्दल आभार.

प्रो कबड्डी आपण सगळे टीव्हीवर बघतो. जेवणाचं ताट हातात घेऊन 'पुणेरी पलटण'साठी ओरडतो. पण सामना मॅटवर सुरू होण्याच्या आधी अर्धा निकाल मुंबईत एका बंद सभागृहात, दोन दिवसांत लागलेला असतो. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणासाठी किती बोलायचं, हे तिथे ठरतं. प्रेक्षक त्या दोन दिवसांकडे बघतात ते फक्त 'कोण किती कोटींना गेला' एवढ्यासाठी. मी धंद्याच्या नजरेने बघतो, आणि मला त्यात आपल्या यार्डातलं बरंच काही दिसतं. एक गोष्ट मात्र अगदी वेगळी दिसते. तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या यार्डात ज्याच्या खिशात पैसा, तो बोली चढवतो. एखाद्या व्यापाऱ्याने ठरवलं की आज सगळा एक नंबरचा गोळा मीच उचलणार, तर त्याला कुणी अडवत नाही. कबड्डीत तसं नाही. तिथे प्रत्येक संघाचा खिसा एकाच मापाचा शिवलेला आहे. गेल्या काही हंगामांत हे माप आहे 5 कोटी रुपये. मालक किती का श्रीमंत असेना, संघ उभा करायचा तो याच 5 कोटींत. कमीत कमी 18 खेळाडू घ्यायचे, जास्तीत जास्त 25. लिलावात चार गट असतात, अ, ब, क आणि ड. त्यांची पायाभूत किंमत 30 लाख, 20 लाख, 13 लाख आणि 9 लाख. बोली त्याच्यावर सुरू होते.

सरांनी आम्हाला त्रैराशिक शिकवलं, ते इथे वापरू. 5 कोटी भागिले 18, म्हणजे माणशी साधारण पावणेअठ्ठावीस लाख. आता एकाच खेळाडूवर तुम्ही 2 कोटी 60 लाख घातले, तर उरलेल्या सतरा जणांना माणशी चौदा लाख येतात. म्हणजे एकाचा भाव वाढवला की तो पैसा बाकीच्या सतरा जणांच्या ताटातून येतो. मालकाच्या तिजोरीतून जास्तीचा येत नाही. कबड्डी सात जणांची आहे. एकाने चढाई करून गुण आणले आणि पाठीमागच्या सहा जणांना पकड जमली नाही, तर आणलेलं सगळं गळून जातं. म्हणून मी म्हणतो, बोली बोलणं सोपं आहे, पण कुणाला नाही म्हणायचं हे ठरवताना कस लागतो.

दुसरी गोष्ट राखून ठेवण्याची. आपल्याकडे उन्हाळ कांदा निघाला की शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. आत्ता विकायचा की बराखीत भरायचा? भरला तर दिवाळीपर्यंत भाव वाढेल, किंवा निम्मा सडेल. कबड्डीच्या संघापुढे दर हंगामानंतर हाच प्रश्न असतो. काही खेळाडू राखता येतात, त्यांचे पैसे त्याच 5 कोटींतून वजा होतात. बाकीचे बाजारात सोडावे लागतात. सोडलेल्याचं तरीही एक दोर हातात राहतो. लिलावात दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली की जुना संघ कार्ड वर करून म्हणू शकतो, याच भावाला आम्ही घेतो. त्याला 'फायनल बिड मॅच' म्हणतात. गावात शेत विकताना आधी भाऊबंदांना विचारतात ना, तसा हा घरचा हक्क. हा हक्क मोजक्याच वेळा वापरता येतो, आणि 2025 च्या लिलावापासून त्यातून खेळाडूला एक किंवा दोन हंगामांसाठी बांधता येतं.

भाव कुठून कुठे गेले तेही सांगतो. 2014 साली पहिला लिलाव झाला तेव्हा सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा संघाने त्याला 12 लाख 80 हजारांना घेतलं. तेव्हाही लोक म्हणाले, हुतूतू खेळायला एवढे पैसे? 2018 मध्ये एकाच लिलावात सहा जण कोटीच्या घरात गेले. 2023 मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. नऊ वर्षांत वीस पट. आपल्या भागात असा भाव फक्त घाटात बारी मारणाऱ्या बैलाला चढतो, तोही पहिल्या नंबरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आता त्या 2 कोटी 60 लाखांचं काय झालं ते बघा. पवन त्या हंगामात खेळला, भरपूर गुण आणले, त्याच्याकडून कसूर झाली नाही. पण टायटन्स बावीस सामन्यांत फक्त दोन जिंकले आणि बारा संघांत शेवटचे आले. त्याच्या आदल्या हंगामाची गोष्ट याहून बोलकी आहे. 2022 मध्ये याच पवनला तमिळ थलैवाज संघाने 2 कोटी 26 लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. सगळ्यांना वाटलं, संघ संपला. पण त्यांच्याकडे नरेंदर नावाचा एक नवा पोरगा होता. लिलावात त्याच्यावर बोलीसुद्धा लागली नव्हती, तो नवोदित म्हणून थेट घेतलेला. त्याने चढाया करकरून संघाला उपांत्य फेरीत नेलं. तिथे त्यांना हरवलं आपल्या पुणेरी पलटणने.

पलटणचं नाव निघालंच आहे, तर तिच्यावर थोडं थांबतो. मंचरकरांना दुसरा संघ नाही. मुंबईवाले मित्र यू मुंबाचे असतील, त्यांनी 2015 चं विजेतेपद आठवून समाधान मानावं.

पलटणने 2018 मध्ये नितीन तोमरला 1 कोटी 15 लाखांना घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा 1 कोटी 20 लाखांना. चांगला चढाईपटू, त्यात वाद नाही. पण दोन्ही वर्षी संघ बाद फेरीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही. नंतर त्यांनी रस्ता बदलला. 2021 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आठव्या हंगामासाठी त्यांनी नवोदितांमधून पोरं उचलली. त्यातला एक अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. तेव्हा ही नावं कुणाला माहीत नव्हती. त्याच हंगामात संघ बाद फेरीत गेला. पुढच्या हंगामात अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून 33-29 असा हरला. पलटणने हरल्यावरही पोरं सोडली नाहीत. माझ्या मते खरी हिंमत तिथे होती. हरलेला संघ मोडून नवा करायचा मोह मोठा असतो.

मग 2023 चा लिलाव आला. संघ बराचसा राखलेला होता, त्यामुळे हातात उरलेले पैसे तीन कोटींपेक्षा कमी होते. उणीव एकाच जागेची होती, डाव्या कोपऱ्याची. आदल्या वर्षी तिथे फझल अत्राचली होता, तो गुजरातकडे गेला. त्या एका जागेसाठी पलटणने मोहम्मदरझा शादलुई या इराणी खेळाडूवर 2 कोटी 35 लाख लावले. म्हणजे हातातले जवळजवळ सगळेच. आता तुम्ही म्हणाल, आत्ताच तर एकावर पैसे घालू नका म्हणालास! फरक क्रमाचा आहे. टायटन्सने आधी शिखर घेतलं आणि मग भिंती शोधल्या. पलटणने तीन वर्षं भिंती बांधल्या, आणि मग शिखर विकत आणलं. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. पकडीचे सर्वाधिक गुण शादलुईचे, आणि हंगामातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला अस्लम. एक सगळ्यात महागातला, एक घरात वाढवलेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने बसलो असतो. पण पुढच्या लिलावात शादलुई हरियाणाकडे गेला, 2 कोटी 7 लाखांना. पलटण त्या हंगामात बाद फेरीत पोहोचली नाही आणि हरियाणा जिंकली. तोही अंतिम सामना आपल्या बालेवाडीत. म्हणजे डोळ्यांदेखत. 2025 मध्ये पलटण पुन्हा अंतिम फेरीत आली, दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हरली. तीन गुणांनी जिंकलो होतो, तीन गुणांनी हरलो. तेव्हा कुणाचाही निर्णय कायमचा बरोबर किंवा कायमचा चूक नसतो. बराखी दर वर्षी नव्याने भरावी लागते.

परदेशात हा खेळ याहून मोठा चालतो. अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी आहे. तिथे प्रत्येक संघात एक सरव्यवस्थापक असतो आणि हंगाम नसताना त्याचंच नाव रोज वर्तमानपत्रात येतं. पगाराला कमाल मर्यादा घालावी की नाही यावरून तिथे मालक आणि खेळाडू यांचं एवढं बिनसलं की 2004-05 चा अख्खा हंगाम रद्द झाला. पुढच्या वर्षी मर्यादा आली, संघामागे 3 कोटी 90 लाख डॉलर. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाख डॉलर झाली. तिथे खेळाडूंची थेट अदलाबदल चालते, आणि करार आठ आठ वर्षांचेही झाले आहेत. चुकीच्या माणसाला आठ वर्षांचा करार दिला तर व्यवस्थापकाची नोकरी जाते, पण करार तसाच राहतो. खेळाडूच्या बाजूने बघितलं तर मात्र आठ वर्षांची ती भाकरी असते. पाय मोडला तरी घर चालतं.

आपल्याकडे हा भार उलट्या खांद्यावर आहे. इथे लांबच्या कराराची जोखीम संघाला घ्यावी लागत नाही, ती खेळाडू घेतो. आज मला खरं बोलायचं आहे ते यावर.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने धुमाकूळ घातला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले, त्या लिलावातला सर्वात महाग खेळाडू आपला मराठी गडी. मग दुखापती आल्या. 2023 मध्ये हरियाणाने 1 कोटी दिले. 2024 मध्ये दिल्लीने घेतलं ते 26 लाखांना. एका वर्षात एक कोटीचे सव्वीस लाख. माणूस तोच, गाव तेच, तालीम तीच.

दुसरं नाव प्रदीप नरवालचं. लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वात जास्त गुण त्याचे, अठराशेच्या वर. पाटण्याला सलग तीन विजेतेपदं मिळाली त्यात त्याचा सिंहाचा वाटा. 2021 मध्ये 1 कोटी 65 लाखांना गेला, तो त्या वेळचा विक्रम. 2024 मध्ये 70 लाख. 2025 च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं, आणि कुणीच बोली लावली नाही. लवकरच त्याने निवृत्ती जाहीर केली. आमच्या यार्डातसुद्धा उरलेल्या बदला कांद्याला शेवटी कुणीतरी काहीतरी भाव देतो. तिथे सगळ्यात जास्त गुण घेणाऱ्यासाठी हात वर झाला नाही. यात मी संघांना दोष देत नाही. त्यांचा खिसा मापाचा आहे, त्यांना पुढचा हंगाम जिंकायचा आहे, मागच्या हंगामांचे उपकार फेडायला तिथे रकाना नाही. पण घरातल्या माणसांनी हे आधीच समजून घ्यायला हवं, की लिलावातला भाव हा पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या उपयोगाचा भाव असतो. तो माणसाचा भाव नाही.

आपल्या सरांच्या काळात कबड्डीत पैसा नव्हता, पण नोकरी होती. रेल्वे, पोलीस, सेनादल, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांचे संघ असायचे. चांगला खेळला की पोरगा नोकरीला चिकटायचा. गुडघा गेला तरी टेबलावर बसून पगार मिळायचा. तो खरा लांबचा करार. आजही ते दार बंद झालेलं नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, ती पडताळून घ्यावी लागतात, आणि पदाला लागणारं शिक्षण पूर्ण असावं लागतं. टीव्हीवर दिसलात म्हणून ते मिळत नाही.

हे सगळं मी आज का सांगतोय? गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी गाळ्यावर आला. कांद्याची पट्टी घेतली, हमाली-तोलाई वजा जाता हातात काय राहिलं ते दोनदा मोजलं, आणि गेला नाही. बसून राहिला. चहा झाल्यावर म्हणाला, "शेठ, पोरगं म्हणतंय कॉलेज सोडतो. हरियाणाकडच्या एका अकादमीत जायचंय. म्हणतंय, ड गटात जरी लागलो तरी नऊ लाख. मला अख्ख्या वर्षात नऊ लाख दिसत नाहीत. मी त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

त्याच्या हातात त्या दिवशीची पट्टी होती. त्या पट्टीकडे बघून मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. नऊ लाख खोटे नाहीत. अस्लम खोटा नाही. बापाने पोराला कांद्यातच राहा म्हणावं, असं सांगण्याची माझी हिंमत नाही, मी रोज त्या कांद्याचा भाव पुकारतो.

मी त्याला एवढंच म्हणालो की आधी हिशोब मांडू. लीगमध्ये बारा संघ. प्रत्येकी जास्तीत जास्त पंचवीस जण. म्हणजे देशभरातून आणि परदेशातून मिळून जास्तीत जास्त तीनशे. त्यातले अनेक जण आधीच राखलेले. ड गटाचे नऊ लाख हे लिलावात नाव निवडलं गेलं तर. यादीत नाव असणं आणि हात वर होणं यात फरक आहे. आणि नऊ लाख एका हंगामाचे, पुढच्या हंगामाची हमी नाही. तेव्हा त्याला जाऊ द्या, पण तीन गोष्टी करून जाऊ द्या. पदवीला नाव ठेवा, बहिःस्थ का होईना, परीक्षा सोडू नको म्हणावं. जिल्हा आणि राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवायची, घरात, प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याशेजारी. आणि कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद गावात कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. दुखापत झाली तर उपचार कुणी करायचे आणि त्या काळातले पैसे मिळणार की नाही, या दोन ओळी शोधायच्या. सापडल्या नाहीत तर विचारायच्या.

पोरगा गेला आहे. पदवीचा फॉर्मही भरला आहे. लिलावाच्या यादीत अजून त्याचं नाव नाही. बाप गाळ्यावर येतो तेव्हा मी आधी पोराची चौकशी करतो, मग कांद्याची.

आता मुद्द्यावर येतो. दुपारच्या सत्रात आपल्या बॅचने जमवलेल्या निधीचं काय करायचं हा विषय आहे. एक सूचना कमानीची आहे. शाळेच्या दारात कमान, त्यावर आपल्या बॅचचं नाव. सूचना करणाऱ्यांचा शाळेवरचा जीव मला माहीत आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. पण माझी सूचना वेगळी आहे, आणि ती आत्ताच सगळ्यांसमोर मांडतो, म्हणजे मग कुणी म्हणायला नको की जेवणाच्या रांगेत मतं फिरवली.

आपण मातीवर खेळलो. सर पहाटे पाणी मारून घ्यायचे, फक्कीने रेषा आखायचे, आणि गुडघे सोलले की हळद लावून पुन्हा उभं करायचे. आजची निवड मॅटवर होते. मातीवर वाढलेला पोरगा बूट घालून मॅटवर उतरला की त्याचा पाय वेगळा पडतो, वळताना गुडघा अडकतो. निवड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅट बघणाऱ्या पोराला त्याच्या चुकीची शिक्षा होत नाही, आपल्या गरिबीची होते. पुरुषांचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर. तेवढी मॅट शाळेत आली तर मुलं सराव करतील आणि मुलीसुद्धा करतील. मुलींच्या कबड्डीला अजून असा मोठा लिलाव नाही, पण नोकरीचं आरक्षण त्यांनाही आहे, हे मैत्रिणींनी लक्षात ठेवावं.

मॅट घेऊन जे उरेल त्यातून एक छोटा राखीव निधी करावा. शाळेच्या खेळाडूला मैदानावर दुखापत झाली तर तपासणी आणि उपचारांसाठी. आपल्यात तीन डॉक्टर आहेत, त्यांनी तपासायचं. दोन वकील आहेत, त्यांनी पोरांचे करार फुकट वाचून द्यायचे. बँकवाल्यांनी, पहिल्यांदा पैसा हातात आला तर तो कुठे ठेवायचा, हे त्यांच्या आईबापांना सांगायचं. बुलेट आधी की ठेव आधी, यावर घरात जे भांडण होतं त्यात त्यांनी ठेवीच्या बाजूने उभं राहायचं. माझ्याकडे फक्त तराजू आहे. मॅट उतरवायला हमाल आणि टेम्पो मी देतो.

प्रो कबड्डीचे संघ त्यांच्या मापाच्या खिशात हिशोब करतात, तो त्यांचा धंदा आहे आणि त्यांनी तो चोख करावा. त्यांच्या ताळेबंदात पोराचा गुडघा, त्याची पदवी आणि तिशीनंतरची वर्षं येत नाहीत. ती कुणाच्या तरी वहीत यायला हवीत. शाळेने आपल्याकडून कधी भाव विचारला नाही. कोण पुढे डॉक्टर होणार आणि कोण कांदा पुकारणार, हे सरांना तेव्हा कुठे माहीत होतं? त्यांनी सगळ्यांनाच राखून ठेवलं, मला राखीव म्हणून का होईना.

निधीचा निर्णय दुपारी मतदानाने होईल. बहुमत कमानीच्या बाजूने गेलं तरी माझी वर्गणी तीच राहील आणि टेम्पोही तोच येईल. पण हात वर करण्याआधी मैदानाकडे एकदा चक्कर मारा. आज रविवार असूनही तिथे दहा-बारा पोरं खेळत आहेत, सकाळपासून आवाज येतोय. त्यांच्यातल्या कुणाला आपलं नाव माहीत नाही, आणि कमानीवर लिहिलं तरी ते वाचायला थांबणार नाहीत.

सरांनी मला बसण्याची खूण केली आहे. शाळेतही ही खूण पहिल्यांदा मलाच व्हायची. सर्व गुरुजनांना नमस्कार करून थांबतो.